‘वसुलीवाले येतात त्या दुकानात’ या एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की शनिवारी दुपारी तुम्ही ब्लाउज न्यायला आलात, तेव्हा दोन वसुलीवाले आमच्या एका कारागीर बाईंच्या कर्जावरून काउंटरवर आवाज चढवत होते आणि मी गिऱ्हाईक सोडून त्यांच्याशी वाद घालत बसले. बाईंना बाहेर बोलावून त्यांच्यासमोर उभं केलं असतं, नाहीतर सरळ कामावरून काढलं असतं, तर इतरांचा खोळंबा झाला नसता. ‘कर्जबुडव्यांना पाठीशी घालणारं दुकान’ असंही लिहिलंत.

तुम्हाला थांबावं लागलं, खरं आहे. लग्नसराईत रामबागेतल्या आमच्या गल्लीत तसंही पाय ठेवायला जागा नसते. पण वाद कशावरून चालला होता ते बाकावर बसून नीट ऐकू आलं नसावं.

मी त्यांना कागद मागितले, एवढंच. बँकेच्या वसुली एजंटाजवळ ओळखपत्र, अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा 2008 पासूनचा नियम आहे. एकाच्या गळ्यात निळ्या पट्टीचं कार्ड होतं. त्यावर त्याचा फोटो आणि कुठल्याशा एजन्सीचं नाव, बँकेचा पत्ता नाही. नोटीस म्हणून मोबाइलवर एक अंधूक फोटो दाखवला. तोवर दुसऱ्याने आपली बॅग माझ्या कटिंग टेबलावर, खडूने आखलेल्या कापडावर आणून ठेवली. ती उचलायला लावली तेव्हाचा आवाज तुम्ही ऐकलात. त्यातला निम्मा माझाच होता.

मग म्हणे, ‘मॅडम, आप तो पगार से काट के दे दो, मामला यहीं खतम.’ मी कोण कापणारी? त्यासाठी बँकेला कोर्टात जावं लागतं आणि जप्तीचा आदेश माझ्या हाती यावा लागतो. तेव्हासुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्यातला दोन-तृतीयांश हिस्सा सुरक्षित असतो. पगार 13,000 धरला तर महिन्याला जास्तीत जास्त 4,000. मजुरांच्या मजुरीला तर ते कलम हातच लावू देत नाही.

कामाच्या ठिकाणी यायलाच बंदी आहे, असं माझं म्हणणं नाही. बँकांच्या वसुली धोरणात साधारण क्रम असतो: कर्जदार सांगेल ती जागा, नाहीतर घर, आणि घरी भेट झालीच नाही तर कामाची जागा. आमच्या बाई सकाळी दहापर्यंत घरीच असतात. तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान बरोब्बर गाठलं, कारण चारचौघांत पाणउतारा झाला की माणूस दागिना मोडून पैसे भरतो. इंदुरात उधारी काही नवी नाही. शीतलामाता बाजारातला अस्तरवालाही आम्हाला महिन्याच्या बोलीवर माल देतो, पण त्याचा माणूस वसुलीला आला की आधी चहा घेतो.

ऑगस्ट 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने पुन्हा बजावलं होतं: धमकी नको, चारचौघांत अपमान नको, घरच्यांना-ओळखीच्यांना त्रास नको, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन नको. बाईंनी कर्जाच्या फॉर्मवर दुकानाचा नंबर रेफरन्स म्हणून दिला होता. रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. तरी रात्री नऊ वाजता ‘कब भर रहे हो’ असं मलाच विचारत होते.

कर्ज किती आणि का थकलं, हे मी इथे लिहिणार नाही. फेडायचं आहे, हे बाईंनाही मान्य आहे. कामावरून काढा म्हणता, मग हप्ता कशातून भरायचा? तुमच्या पैठणीच्या ब्लाउजच्या पाठीवरचा मोर त्यांच्याच हातचा आहे, तोही बघा एकदा.

त्यांनी बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे, तारीख, वेळ आणि फोन नंबरांसकट. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याच्या माहितीचा नंबर 14448. कोणी अंगावर आलं तर 112. दोन्ही नंबर फॉल-पिकोच्या दरपत्रकाखाली चिकटवले आहेत, कुणाला लागले तर उतरवून घ्यावेत.

एक विनंती आहे. रिव्ह्यूत तुम्ही बाईंचं नाव लिहिलंय आणि फोटोत त्या मागे मशीनवर बसलेल्या स्पष्ट दिसतात. स्टार एकच राहू द्या, खोळंब्याचंही राहू द्या, माझ्याबद्दल लिहिलंत तेही. नाव आणि फोटो तेवढा आजच काढा.

तुमची फॉल-पिकोची हिरवी साडी तयार आहे. पावती घेऊन या, सोमवारी दुकान बंद असतं.