खोटारडी नायिका चालत नाही म्हणे!

आज जळगावात एका बालकादंबरीच्या हस्तलिखितावर चर्चा झाली. बहुतेकांचं एकच पालुपद: मुलगी खोटारडी आहे, शेवटी तिला शिक्षा दाखवा. डोकंच फिरलं.

गोष्ट चोपडा गावची. सहावीतली मुलगी वर्गात सांगते, बाबा दुबईला असतात. खरं तर बाबा केळीच्या कटाईला जातात, घड वाहतात. मग एक खोटं टिकवायला दुसरं. शेवटी ती जिवलग मैत्रिणीलाच पुढे करते, "सांग ना गं यांना, दुबईची चॉकलेटं तू खाल्लीस ना?" आणि ती बिचारी हो म्हणते. कादंबरी खरी इथे सुरू होते!

नऊ ते बारा वर्षांच्या वाचकाला खरं काय ते पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच कळलं पाहिजे. शेवटपर्यंत लपवलं तर पोरांना आपल्यालाच फसवल्यासारखं वाटतं. आधी कळलं की पानोपानी धाकधूक, आता फुटेल, आता फुटेल. आणि ते कुणा मोठ्या माणसाच्या चहाडीने फुटू नये. या लेखिकेने कानबाई आणली, खानदेशातला देवीचा सण! नागपंचमीनंतरचा रविवार, झाडून सगळे भाऊबंद घरी. सोमवारी विसर्जनाला आईच्या डोक्यावर कानबाई, शेजारी बाबा, आणि ओट्यावर उभी ती मैत्रीण. वाचताना गलबलून आलं हो.

यावर छडी कशाला? छडी बसली की हिशेब मिटला, वाचक मोकळा. मैत्रीण डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाते, ते नाही मिटत.

पालकांची धास्ती अगदीच खोटी नाही, मान्य. खोट्याने कुणाचंच काही बिघडत नाही असं पुस्तक मीही पोरांना देणार नाही. पण साने गुरुजींचं नाव पुढे करू नका. अमळनेरला शिकवलेल्या या माणसाने १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेला श्याम काही गुणांचा पुतळा नाही. हट्ट करतो, पोहायला नको म्हणून लपून बसतो.

खरा दोष वेगळाच आहे, त्यावर कुणी बोललंच नाही. शेवटी माफीचं पत्र येतं आणि त्याच पानावर मैत्रीण गळ्यात पडते. हे पटत नाही. ती बाबांच्या कामामुळे रागावलेलीच नाही. आपल्या तोंडून खोटं वदवलं म्हणून रागावली आहे. पत्रात नेमकं तेच यायला हवं, चॉकलेटांचं. आणि उत्तर लगेच नको, दिवाळीची सुट्टी उलटू द्या.

ताई, शिक्षेचं प्रकरण लिहू नका. हे पत्र तेवढं परत लिहा.