धण्याचं पाणी आणि ते 21 दिवस

गेले कित्येक महिने दुकानात रोज कोणी ना कोणी मोबाईल पुढे करतंय. मजकूर सगळीकडे एकच: "थायरॉइड 21 दिवसांत मुळासकट जातो. रात्री तांब्याच्या भांड्यात धणे भिजवा, सकाळी उकळून प्या. आयोडीनचं मीठ फेका, सैंधव आणा. कोबी-फ्लॉवर बंद. गोळी ही कंपन्यांनी लावलेली सवय आहे, सोडून द्या. गरोदर बायकांनी तर गोळीला हातही लावू नये." आणि खाली, जास्तीत जास्त भगिनींपर्यंत पोहोचवा.

मी डॉक्टर नाही. पंचवटीत मेडिकल चालवतो. पण थायरॉइडच्या शंभर गोळ्यांच्या बाटल्या रोज माझ्याच हातून जातात, म्हणून बोलतो.

मुळात "थायरॉइड जातो" म्हणजे काय जातं? थायरॉइड ही गळ्यात, कंठमण्याच्या खाली असलेली ग्रंथी, ती प्रत्येकाला असते. आजार दोन उलट्या प्रकारचे. ग्रंथी कमी काम करते तेव्हा अंगात त्राण नसतं, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, पोट साफ होत नाही, थंडी सोसत नाही, पाळी जास्त जाते. ग्रंथी अति काम करते तेव्हा खाऊनही वजन उतरतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम थांबत नाही. दोघांच्या गोळ्या वेगळ्या, कामंही उलट. एकीला हार्मोन बाहेरून द्यायचं, दुसरीचं दाबायचं. फॉरवर्ड मात्र दोघींना एकच काढा पाजतो आणि दोघींची गोळी बंद करतो. जास्तवाल्या पेशंटने गोळी अशी अचानक सोडली तर प्रकरण आयसीयूपर्यंत जाऊ शकतं.

आता ते 21 दिवस. फॉरवर्डचा सगळा जीव याच आकड्यात आहे, आणि लोकांना गुण येतो तोही इथेच.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी. गोळी चालू होती, तब्येत ठीक होती. भावजयीने मेसेज पाठवला, यांनी भांडी बाजारातून नवा तांब्या आणला आणि गोळी बंद. तीन आठवड्यांनी दुकानात येऊन मला म्हणाल्या, "बघ रे दादा, काही झालं का मला?" खरंच काही झालं नव्हतं. कारण साधं आहे. या गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचंच हार्मोन, रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. दुसऱ्या आठवड्याला पाव उरतं, तिसऱ्याला अष्टमांश, आणि शरीराची कुरकुर त्याच्याही मागून सुरू होते. म्हणजे मावशी 21 दिवस जुन्या गोळ्यांच्या शिलकीवर चालल्या आणि श्रेय धण्यांना गेलं.

पुढे चार महिने त्या दिसल्या नाहीत. आल्या तेव्हा चैत्र होता, अंगात स्वेटर. निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा नाशकात सगळेच कुडकुडतात, पण चैत्रात कोण स्वेटर घालतं? डोळ्यांखाली सूज, आवाज घोगरा, बोलणं इतकं संथ की आधी वाटलं झोपेतून उठून आल्यात. रिपोर्टवर टीएसएच साठच्या वर. प्रौढ माणसात तो साधारण 0.4 ते 4 च्या दरम्यान असतो. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. खालून उत्तर आलं नाही की हाक वाढत जाते.

काहींची गोळी खरंच सुटते, हेही सांगायला हवं. बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन बिघाड झालेल्या बऱ्याच जणी वर्षभरात सावरतात. टीएसएच सहा-सात असा किंचित वाढलेला असेल तर पुढच्या तपासणीत आपोआप खालीही येतो. अशांनी धण्याचं पाणी घेतलं तर धणे पावले, उदबत्ती लावली तर उदबत्ती पावली. पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरांत कमी थायरॉइडचं मुख्य कारण म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी हळूहळू पोखरणं. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हाशिमोतो हे नाव. पोखरून गेलेली ग्रंथी सहसा परत उभी राहत नाही.

"कंपन्यांनी लावलेली सवय." इंग्लंडातल्या न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी 1891 मध्ये एका 46 वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. बाई सुधारली आणि तो अर्क घेत पुढे 28 वर्षं जगली. त्यासाठी 870 हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आजची गोळी कारखान्यात तयार व्हायला तेव्हा कित्येक वर्षं बाकी होती, तरी औषध जन्मभरच लागलं. आज तेच काम दीड-दोन रुपयांची गोळी करते आणि तिची किंमतही सरकारने बांधून दिली आहे. लुटायचंच असतं तर कंपन्यांनी दुसरं औषध शोधलं असतं.

गोळीने फरक पडत नाही, ही तक्रार मात्र खरी असते. विचारलं की कळतं, गोळी चहाबरोबर जाते, वर लगेच कॅल्शियम. पोटात जाते ती, रक्तात नीट पोहोचत नाही. ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं औषध चार तासांनी.

गरोदर बायकांचं वाक्य वाचून मला खरा संताप आला. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी चालू झालेली नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच येतं. म्हणून दिवस राहिल्यावर गोळी बंद होत नाही, उलट डोस बहुधा वाढवावा लागतो. इथे चार महिने धणे उकळत बसायला वेळ नसतो.

मिठाचं सांगतो. आयोडीन कमी पडून गळा सुजतो त्या गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे 1962 मध्ये सुरू झाला. त्याआधी 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात संशोधक डॉक्टर व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिलं होतं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, म्हणजे चिमटीच्याही चिमटीएवढं. पण ते रोज लागतं, आणि साध्या सैंधवात ते पुरेसं नसतं. एकादशीला सैंधव खा, सगळं घर त्यावर चालवू नका. उलट, हाशिमोतोवाल्यांनी आयोडीनच्या जादा गोळ्या गिळल्या तर त्रास वाढू शकतो.

कोबी-फ्लॉवरबद्दल तर नाशिककरांनी तरी घाबरू नये, भाजीच्या गाड्या भरभरून इथूनच जातात. त्यातली थायरॉइडला अडवणारी द्रव्यं शिजवताना बरीचशी कमी होतात, आणि मिठातून आयोडीन मिळत असेल तर घरच्या भाजीने काही बिघडत नाही. असली द्रव्यं बाजरीतही असतात. सुदानच्या दारफूरमध्ये बाजरीवरच जगणाऱ्यांतल्या गलगंडावर 1989 मध्ये शोधनिबंधही आला. फॉरवर्डवाल्याला बाजरी सुचली नाही, नाहीतर आपली भाकरीही गेली असती.

धण्याच्या पाण्याचं काही वाकडं नाही, तांब्याच्या भांड्याचंही नाही. प्यावंसं वाटलं तर प्या, गोळी झाल्यावर तासाभराने.

ज्यांनी मेसेज वाचून गोळी सोडली आहे त्यांनी राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नये. वय झालेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर जुना डोसही मनाने सुरू करू नये, डॉक्टर बहुधा कमीपासून चढवत नेतात. मावशींचंही तसंच केलं. पंचवीस मायक्रोग्रॅमपासून सुरुवात, सहा आठवड्यांनी रक्त, मग पुढचा डोस. परवा बाटली न्यायला आल्या तेव्हा स्वेटर नव्हता.