‘आधी डॉक्टर भरा’ म्हणणाऱ्या अक्कलकुव्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्याकडे डॉक्टरांच्या जागा रिकाम्या, पावसाळ्यात पाड्यावर गाडी जात नाही, बाळंतिणीला झोळीत टाकून खाली आणावं लागतं, आणि तुम्ही जळगावात बसून ‘आरोग्यसेवा लोकांपर्यंत कशी पोचते यावर संशोधन करा’ म्हणता, हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. दुसरं, चेकलिस्ट (एकेक काम झालं का ते बघून खूण करायची यादी) म्हणजे आशाताईच्या डोक्यावर अजून एक रजिस्टर. तिसरं, बाहेरचं संशोधन आमच्याकडे चालत नाही. तुमच्या वहिनी आशा आहेत, म्हणजे हे ऐकीव नाही.

जागा भराच, त्यात वादच नाही. पण भरल्यावर काय होतं ते पण बघा. माझ्या मावशीला शुगरचा त्रास, आमच्या इकडच्या एका सरकारी दवाखान्यात तिला घेऊन गेलो होतो. डॉक्टर हजर, गोळ्या होत्या, लॅबवाला पण होता. फक्त रक्त घ्यायची वेळ अकराला संपायची आणि गावाकडची एसटी यायची पावणेअकराला, मग केसपेपरची लाईन, मग डॉक्टरची लाईन, चिठ्ठी घेऊन लॅबच्या खिडकीवर पोचेपर्यंत बारा वाजून गेले. “आते बंद व्हयी गयं माय, सकाय ये.” कापूस वेचणीचे दिवस, एक रोज बुडालेलाच होता, दुसरा कोण बुडवणार? मावशी परत गेलीच नाही. आणि त्या दिवसाच्या रजिस्टरला सगळं व्यवस्थित आहे, पेशंट तपासला, तपासणी लिहून दिली. ‘परत आली नाही’ असा रकानाच नाही हो कुठे! मला राग याचाच येतो. त्या एसटीच्या लोकांचं रक्त आधी घेऊन बघा, नाहीतर वेळ एक तास पुढे ढकला, महिनाभर मोजा किती जणांची तपासणी खरंच झाली, आणि आधीच्या महिन्याशी ताडून बघा. मी ज्याला संशोधन म्हणतो ते हे, त्याला परदेशी मशीन लागत नाही.

आता चेकलिस्ट. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर बघायची जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांतल्या दवाखान्यांत वापरून पाहिली, त्यात दिल्ली पण होती, आणि २००९ ला आकडे आले की मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. सगळीकडे उदोउदो झाला. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती १०१ हॉस्पिटलांत लागू केली, २०१४ ला अभ्यास छापून आला, म्हणण्यासारखा फरक नाही. आपल्याच उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० सरकारी केंद्रांवर बाळंतपणाच्या यादीचा प्रयोग झाला, दीड लाखावर बाळंतिणी त्यात होत्या, निम्म्या केंद्रांवर सिस्टरांना शिकवायला कोच जायचे. दोन महिन्यांनी बघितलं तर तिथे ७३ टक्के गोष्टी नीट होत होत्या, बाकीच्या केंद्रांवर ४२. कोच थांबल्यावर ७३ चे ६२ झाले. आणि आई-बाळाचे मृत्यू? तसेच राहिले, २०१७ ला त्यांनी ते लपवलं नाही, सरळ छापलं.

भाऊ, हे तुमच्याच बाजूचं आहे, म्हणून एवढं सांगतोय. हात धुतले, बीपी घेतलं, सगळं यादीप्रमाणे केलं, पण बाळ अडल्यावर सिझर करणारं आणि रक्त देणारं जवळपास कोणी नसलं तर कागद काय करणार? ‘डॉक्टर द्या’ हे तुम्ही ओरडून सांगता ते सरकार ऐकत नाही, पण दीड लाख बाळंतपणांचा आकडा समोर ठेवून सांगितलं तर निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

आणि बाहेरचं संशोधन इथे चालत नाही म्हणता, तर गडचिरोली काय लांब आहे? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन करा, ऊब द्या, जंतुसंसर्ग ओळखा, गरज पडली तर इंजेक्शन द्या. हजारी ६२ नवजात बाळं दगावायची, ती पंचवीसच्या आसपास आली, १९९९ ला ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुमच्या वहिनी बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, पार बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जातात ना, ते देशभर २०११ पासून सुरू झालं आणि त्याचं मूळ त्या गावांत आहे. तिथेही डॉक्टरांची काही रांग लागलेली नव्हती.

रजिस्टरचं मात्र तुमचं एकदम बरोबर. नवा रकाना टाकायचा तर जुना एक काढा, असा नियमच पाहिजे. वहिनींना माझ्याकडून विचारा, असा कोणता रकाना आहे जो त्या भरतात आणि वर कोणीच कधी वाचत नाही. आणि या पावसाळ्यात त्यांनी ज्या बायांना ‘दवाखान्यात जा’ सांगितलं त्यातल्या ज्या पोचल्या नाहीत त्या कुठे अडकल्या, मोबाईलला रेंज नव्हती, गाडी आली नाही, का घरचा माणूस गुजरातला कामाला गेलेला म्हणून कोणी निर्णयच घेतला नाही. नावं नकोत, फक्त कारण लिहा. तुमच्याकडच्या रुग्ण कल्याण समितीच्या मिटिंगला तो कागद घेऊन जाऊ, मी येतो सोबत.