दर्शनाचं तिकीट

पेपरात नाटकाची जाहिरात आली की नाटकाचं नाव वाचायची तुमची सवय आधी मोडा. नाव कोपऱ्यात असतं, बारीक टाइपात, आणि लेखकाचं त्याहून बारीक. ते वाचायचं तर चष्मा लावावा लागतो, आणि चष्मा लावला की खालचे दरही दिसतात. त्यापेक्षा चेहरा केवढा छापलाय ते बघा. पाच-सहा चेहरे पासपोर्ट फोटोएवढे असतील तर ते नुसतं नाटक आहे, पान उलटा. एकच चेहरा, तोही सिनेमातला, अर्धं पान व्यापून तुमच्याकडे बघत असेल तर काम झालं. दर न छापता नुसता मोबाईल नंबर आणि ‘मोजक्याच जागा शिल्लक’ एवढंच असेल, तर हातातला चहा खाली ठेवा आणि फोन लावा. अख्खा फोंडा तेच करत असणार.

दर ऐकून पोटात गोळा आला तरी आवाजात येऊ देऊ नका. ‘पुढच्या रांगेतल्या आहेत ना?’ एवढंच विचारा. पलीकडचा माणूस लगेच ‘सर’ म्हणायला लागतो, आणि अर्धे पैसे तिथेच वसूल होतात.

५०० रुपये हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे. मुंबईहून येणारी बरीच नाटकं त्याच्या अलीकडेच थांबतात. रसिकांवरची माया वगैरे काही नाही. नाटकाच्या तिकिटाला ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. त्यावर एक रुपया चढला की पूर्ण रकमेवर १८ टक्के. ६०० चं तिकीट लावलं तर तुम्हाला ते ७०८ ला पडतं, आणि वरचे १०८ ना नटाचे ना निर्मात्याचे. म्हणून साधं नाटक ५०० वर गपगार बसतं. सिनेमातला तारा असला की ही भीती उरत नाही. कुंपण ओलांडायचंच आहे तर ६०० वर कशाला थांबा, थेट १५००, २०००, २५००. हा हिशोब शेजाऱ्यांना जरूर सांगा, पण अशा सुरात, की बघा, सरकारच आपल्याला महागडं तिकीट घ्यायला लावतंय. गोव्यात सरकारचं नाव घेतलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

हे २५०० जातात कुठे, हे मात्र तुम्ही विचारू नका. हॉलचं भाडं, जाहिराती, हॉटेल, लाइट-साउंड हे सगळं आलंच. पण खरी गोष्ट नाईटची, म्हणजे एका प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनाची. ताऱ्याची नाईट आणि त्याच नाटकात ‘साहेब, चहा आणू?’ एवढं विचारून विंगेत जाणाऱ्या पोराची नाईट यांत किती शून्यांचं अंतर असतं, ते व्यवस्थापकाला ठाऊक असतं आणि तो बोलत नाही. तारा विमानाने मोपाला उतरतो. सेट रात्रभर टेम्पोतून हायवेवरचे खड्डे मोजत येतो. सेटवाली मंडळी सकाळी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर भाजीपाव खातात, दुपारपर्यंत दिवाणखाना उभा करतात, शिडीवर चढून दिवे लावतात; आणि प्रयोगानंतर तुम्ही सेल्फीच्या रांगेत असता तेव्हा तोच दिवाणखाना खिळे उपटून पुन्हा टेम्पोत भरतात, कारण उद्या कुडाळ. त्यांना किती मिळतात याची चौकशी केलीत तर मूड जाईल.

घरी कोणी कुरकुर केलीच तर सरळ न्यूयॉर्क गाठा. २०२५ मध्ये तिथे ब्रॉडवेवर डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलनहाल यांचं ‘ऑथेल्लो’ लागलं, तेव्हा चांगल्या जागेचं तिकीट ९२१ डॉलरपर्यंत गेलं होतं. आपले जवळजवळ ८० हजार रुपये. (शेक्सपिअरला नाईट द्यावी लागत नाही, तरीही.) त्याच मोसमात जॉर्ज क्लूनीच्या नाटकाने एका आठवड्यात ४० लाख डॉलरांच्या वर गल्ला केला; गद्य नाटकाने तिथे तोवर एवढी मजल मारली नव्हती. त्या लोकांनी नंतर एक घोडचूक केली. जूनमध्ये एक प्रयोग सीएनएनवरून थेट दाखवला, कोणालाही घरबसल्या बघता येईल असा. शेकडो डॉलर मोजून आत बसलेल्या माणसाच्या जिवाला काय वाटलं असेल! महागड्या तिकिटाची सगळी गोडी दुसऱ्याला ते मिळालं नाही यात असते. आपले आयोजक असला अविचार करणार नाहीत, याबद्दल निश्चिंत असा.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणारे एक आजोबा प्रत्येक वाड्यावर असतात. त्यांना १९२१ सालचं संयुक्त मानापमान ऐकवा. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर. दर तेव्हाच्या माणसाला घाम फोडणारे, तरी झुंबड. आजोबा गप्प होतील. तो पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला, हे त्यांना आठवायच्या आत विषय बदला. पृथ्वीराज कपूर यांचं नाव निघालं तरी सांभाळून. सिनेमातला एवढा मोठा नट, त्याने १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स काढलं, गावोगाव नाटकं केली, आणि प्रयोग संपला की दाराशी झोळी पसरून उभा राहायचा. हा किस्सा कोणत्याही आयोजकाच्या कानावर घालू नका. तो तिकिटाचे पैसेही घेईल आणि झोळीही पसरेल.

पणजीत कांपालला कला अकादमीत ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात तुम्ही बसणार, ते मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे. त्यांनी उलटी वाट धरली. बलवंत संगीत मंडळी गाजवली, बोलपट आले तसे सिनेमा काढायला गेले आणि कर्जात रुतले. नाटकातून सिनेमात गेलेला बुडतो, सिनेमातून नाटकात आलेला तरतो, एवढाच धडा त्यातून घ्या. त्यांचं गाणं वगैरे पुण्यतिथीला आठवलं तरी चालतं. त्याच अकादमीतल्या खुल्या रंगमंचाचं छत २०२३ मध्ये कोसळलं, आणि दुरुस्तीनंतरच्या ध्वनी-प्रकाशाबद्दल कलाकारांनी बरीच ओरड केली. तुम्ही कशाला काळजी करता? संवाद ऐकू यावेत म्हणून तुम्ही पैसे दिलेले नाहीत.

आता प्रत्यक्ष प्रयोग. तिसऱ्या घंटेनंतर पाच मिनिटांनी आत या आणि मोबाईलचा दिवा लावून स्वतःची रांग शोधा. पुढची रांग कोणाकडे आहे हे हॉलला कळायला हवं. बसल्यावर लगेच लक्षात येईल की तारा अजून आलेला नाही. लेखक मंडळी बेरकी असतात, त्याला पंधरा-वीस मिनिटं आत दडवून ठेवतात. तोवर स्टेजवर काही माणसं काहीबाही बोलत असतात. हा वेळ मेसेज बघायला उत्तम. एखादी साठीतली नटी, जिचा फोटो जाहिरातीत नव्हता, अशा वेळी भाजी निवडता निवडता एकच वाक्य असं टाकते की बाल्कनीतून कोणाच्या तरी तोंडून ‘वा!’ निघून जातं. मागे वळून बघू नका. बाल्कनीतले लोक ३०० रुपये देऊन आलेले असतात, त्यांना नाटक बघण्यावाचून गत्यंतर नसतं.

मग तो येतो. टाळ्या, शिट्ट्या, पन्नास मोबाईल वर. तो दारात थबकतो, आणि त्याच्यासमोर उभी असलेली नटी, जिने आत्ताच रडून रडून डोळे लाल केलेत, तीही थबकते. टाळ्या संपेपर्यंत तिने अश्रूंचं काय करायचं, हा दिग्दर्शकाचा प्रश्न. तुम्ही नीट फोकस साधा. मध्यंतरात वड्यांच्या रांगेत सांगायला एक वाक्य तयार ठेवा: ‘पडद्यावर वाटतो त्यापेक्षा बुटका आहे, नाही?’ नाटकाबद्दल एवढं पुरतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे हळूच उठा. मंगळवारी-शुक्रवारी देवळात ज्यांना आरतीच्या आधी बाजूच्या दारातून दर्शन मिळतं, त्यांना ते कसं साधतं, हे आठवा आणि थेट मेकअप रूमचं दार गाठा. पडदा पडल्यावर उरलेला हॉल तिथेच येणार आहे. शेवट काय होता, हे कोणी विचारणार नाही. फोटो कुठाय, हे मात्र सगळे विचारतील.

एका धोक्याची सूचना द्यायला हवी. काही तारे खरोखरच नट निघतात. ही फसवणूक मराठीत फार चालते, कारण आपल्याकडे अर्धा सिनेमा रंगभूमीवरच वाढला. डॉ. श्रीराम लागू चालता दवाखाना सोडून नाटकात उतरले, मग सिनेमाने त्यांना उचललं, आणि तरी ते स्टेज सोडेनात. आपल्या गोव्याच्या वर्षा उसगावकर आधी नाटकात होत्या, सिनेमा नंतरचा. नसीरुद्दीन शाह १९७९ पासून आपल्या ‘मॉटली’ या नाट्यसंस्थेची नाटकं करतायत, आणि प्रशांत दामले तर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग करून बसले. अशा माणसाच्या नाटकाला तुम्ही चेहरा बघायला जाता आणि अर्ध्या तासात चेहरा विसरून बसता. मोबाईल मांडीवर तसाच राहतो. परत येताना गाडीत कोणी बोलत नाही. पैसे पाण्यात. तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करा, आणि माणूस तालमीला वेळेवर येतो असं कळलं तर नाद सोडा.

राहता राहिलं गावचं नाटक. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत आपल्या देवळांपुढे किती नाटकं होतात याचा हिशोब देवाकडेही नसेल. जांबावलीला तर गुलालाबरोबर नाटक हवंच. पालखी फिरते, पावणी म्हणजे देवापुढचा लिलाव होतो, खाज्याचे पुडे सुटतात, आणि मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी पडदा वर जातो. राजा म्हणजे बँकेतला कॅशियर, सेनापती वीज खात्यातला लाईनमन. मुलगा रणात पडला म्हणून राजा धाय मोकलून रडत असतो. तेवढ्यात विंगेतून माइकवर आवाज येतो, ‘राजाच्या भूमिकेवर खूष होऊन वरल्या वाड्यावरच्या एका रसिकाकडून रुपये दोनशे एक!’ राजा रडायचा थांबतो. प्रेक्षकांना हात जोडतो, नोट शेल्यात खोचतो, पेटीवाल्याकडे बघतो. पेटीवाला सूर देतो, आणि राजा सोडलं होतं त्याच पट्टीत पुन्हा रडायला लागतो. समोर सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. तुम्ही हसा, मागासलेपणाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाका. काम आवडलं तर त्या क्षणी पैसे, नाही आवडलं तर हात खिशात, हा सौदा एखाद्या ताऱ्याच्या व्यवस्थापकापुढे मांडून बघायची दुर्बुद्धी मात्र होऊ देऊ नका.

हाच कॅशियर कधी फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात नाहीतर मडगावला रवींद्र भवनात १०० रुपये तिकीट लावून प्रयोग करतो. चार महिने ऑफिस सुटल्यावर तालमी केलेल्या असतात. त्याचा फोन आला की ‘पास आहेत मरे?’ हा तुमचा पहिला प्रश्न असला पाहिजे. किमान चार पास घ्या, दोघांनी जा आणि दोन खुर्च्यांवर पिशव्या ठेवा. शेजारच्या तियात्रवाल्यांच्या, म्हणजे कोकणी नाटकवाल्यांच्या, नादी लागू नका. ते लोक १८९२ पासून तिकिटं विकतायत आणि त्यांचे प्रेक्षक तिकिटं काढतायत, म्हणून त्यांच्यात काही माणसं नुसत्या तियात्रावर घर चालवतात. मराठी रसिक संस्कारी. ओळखीच्या माणसाने आपल्याकडे तिकिटाचे पैसे मागावेत, हेच त्याला असभ्य वाटतं.

देवस्थानच्या नाटकाची वर्गणी मागायला पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतील तेव्हा त्यांना आत बोलवा, पाणी द्या. ३०० म्हणाली तर १०० वर आणा आणि महागाईवर थोडं बोला. ताऱ्याबरोबरचा तुमचा फोटो घरच्या हॉलमध्ये लावला असेल तर तो त्यांच्या नजरेस पडेल असं बसा. ‘यंदा कोणी टीव्हीवरचं येणार आहे काय रे?’ असं मध्येच विचारून घ्या. येणार असेल तर पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या धरून ठेवायला सांगा, आणि शंभराची नोट देताना सुटे मागा.