तेलपामच्या (पामतेल देणाऱ्या झाडाच्या) ‘त्या’ मेसेजबद्दल खुलासा

‘तेलपामला कोकणातला पाऊस पुरतो, डोंगर साफ करून लावा, पर्यावरणालाही बरं’ असा मेसेज दोडामार्ग-सावंतवाडीकडे फिरतोय. ते खरं नाही. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. या झाडाला पाणी बारमाही हवं. पूर्ण वाढलेल्या झाडाला उन्हाळ्यात रोज १५० ते २०० लिटर, म्हणजे हेक्टरी १४३ झाडांना वीस हजार लिटरच्या वर. मे महिन्यात आपल्या विहिरींचा तळ दिसतो, हे विसरू नका. आणि उभं रान तोडून केलेली लागवड पर्यावरणाला बरी कशी? पाण्याची खात्री असलेल्या जुन्या बागायतीत, ठिबकवर, झावळ्या न जाळता ओळीत पसरून ती नीट करता येते. शेजारच्या बागेत मी कुजकी झावळी उचलून पाहिली, खाली माती ओलसर होती, गांडुळं होती. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.