येझदी घेताय? इंजिन सगळ्यात शेवटी बघा

जुनी जावा किंवा येझदी मोटारसायकल घेऊन ती पुन्हा उभी करायची, असं ठरवणारे हल्ली बरेच भेटतात. तितक्याच संख्येने अर्धवट उघडून पोत्यात भरलेल्या गाड्याही विकायला येतात. ही गाडी घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "चालू आहे ना? किकला सुरू होते ना?" त्या उत्तरावर भाव ठरतो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. आधी कागद बघा, मग पत्रा आणि पार्ट मोजा, आणि इंजिन शेवटी. इंजिनातला जवळजवळ प्रत्येक भाग आज विकत मिळतो किंवा लेथवर बनवून घेता येतो. हरवलेलं आरसी बुक पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारात मिळत नाही, आणि मूळ जाड पत्र्याचं मडगार्डही आता सहज मिळत नाही.

हा क्रम का, ते आधी सांगतो. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला उभारलेल्या आयडियल जावामधून १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण येझदीसुद्धा आज तीस वर्षांच्या आसपास आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी पासिंग (आरटीओत गाडी तपासून नोंदणीचं नूतनीकरण) करावं लागतं. त्यामुळे बाजारातल्या प्रत्येक गाडीचं किमान दोन-तीनदा पासिंग व्हायला हवं होतं. बहुतेकांचं झालेलं नसतं.

आरसी हातात घ्या. चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर असतो. त्यावर रंगाचे थर चढलेले असतील तर चिंधीला थिनर लावून हलक्या हाताने पुसा, पॉलिश पेपर घासू नका. आकडे एका ओळीत, एका उंचीचे आणि सारख्या खोलीचे हवेत. ग्राइंडरचे ओरखडे किंवा पुट्टी दिसली, तर गाडी कितीही देखणी असो, परत या. इंजिन नंबरही आरसीशी जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर जुनाच नंबर असेल, तर पासिंगच्या दिवशी तिथेच अडकाल.

१९८९ च्या आधीच्या नंबरांची आणखी एक अडचण आहे. 'एम' ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी जुन्या मालिकेतल्या पुष्कळ गाड्यांची नोंद अजून 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर चढलेली नाही. गाडी मूळ जिथे नोंदली होती, त्या आरटीओकडून बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते आणि तिथलं जुनं रजिस्टर सापडणं हे त्यातलं खरं काम. ही नोंद नसेल तर ट्रान्सफर, पासिंग आणि आता सक्तीची असलेली एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी, तिन्ही अडतात. म्हणून पैसे देण्याआधी तो नंबर 'वाहन'वर टाकून बघा. नोंद दिसत नसेल तर ती करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका आणि तोवर फक्त इसार द्या.

गाडी नावावर करायला, मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या आणि फॉर्म ३१ लागतो, एरवी फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ हवा. कर्ज देणारी बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, तर ते पत्र आणायला महिने जातात. नोंदणीची मुदत संपून गेलेली असेल तर एप्रिल २०२२ पासून दुचाकीला दरमहा ३०० रुपये विलंब शुल्क आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. आरटीओत एकूण आकडा काढून घ्या आणि तो गाडीच्या भावातून वजा करा. दिल्लीतून येणाऱ्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. अशा गाडीची तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात नसेल तर ती इथे फक्त सुट्या भागांच्या भावाची आहे.

जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपातली गाडी त्यात बसते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. पण त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. ज्याला रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचंय त्याने साधं पासिंगच करावं.

आता पत्रा. जावा-येझदीचं सौंदर्य पत्र्यात आहे: खोल मडगार्ड, पूर्ण झाकलेला चेन कव्हर, दोन बाजूंचे टूलबॉक्स, हेडलाइटच्या डोममध्येच बसवलेला स्पीडोमीटर. घेताना या भागांची यादी करून एकेकावर खूण करा. टूलबॉक्सचं कुलूप, चेन कव्हरचे रबरी बूट, कार्ब्युरेटरवरचं झाकण, सीटची बिजागरी, इग्निशनची ती खिळ्यासारखी चावी... एकेक भाग किरकोळ वाटतो, पण असे दहा-पंधरा गोळा करताना वर्ष जातं. नवे बनवलेले पत्र्याचे भाग मिळतात, पण त्यांचा पत्रा पातळ असतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. गंजलेलं मूळ मडगार्ड चकचकीत नव्यापेक्षा मोलाचं, कारण गंज कापून तुकडा जोडता येतो.

लोहचुंबक सोबत ठेवा. टाकी, मडगार्ड, टूलबॉक्सवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा थर आहे. बॅटरीचा डबा आणि त्याखालची चेसिसची नळी टोकरून बघा, ॲसिडने तिथला पत्रा हमखास खाल्लेला असतो. मेन स्टँडचे कान आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा फाटा) आजूबाजूच्या वेल्डिंगला चीर नाही ना ते टॉर्चने बघा. दोन्ही चाकांना सुतळी लावून चाकं एका रेषेत आहेत का ते तपासा. जुन्या मॉडेलना १६ इंची चाकं, येझदीच्या रोडकिंग मॉडेलला १८ इंची. टायर घ्यायच्या आधी हे नीट बघा.

येझदीला जावाचा बिल्ला आणि नव्याने बनवलेली क्रोमची टाकी लावून 'जावा' म्हणून चढ्या भावाने विकणं सर्रास चालतं. आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जावा हे नाव जाऊन येझदी आलं. त्यामुळे आरसीवरचं उत्पादन वर्ष १९८० आणि टाकीवर जावा असं असेल, तर येझदीचाच भाव द्या. त्यात गाडीला कमीपणा नाही, फक्त पैसे योग्य गाडीचे द्या. आणि चेसिस कापून मागचा भाग आखूड केलेली गाडी तर घेऊच नका. ती पुन्हा मूळ रूपात आणणं फार खर्चिक, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चालतही नाही. चांगल्या चेसिसवर कटर चालवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. उत्पादन थांबलेल्या गाडीची प्रत्येक चेसिस शेवटचीच आहे.

हे सगळं जमलं, तर आता इंजिनाकडे वळा. एकच सिलेंडर, दोन सायलेन्सर, २४८.५ सीसी, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५. दोन-स्ट्रोक इंजिन असल्याने व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. जाम असेल तरी घाबरू नका, भाव पाडून घ्यायला ते चांगलं कारण आहे. प्लग काढून भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल समप्रमाणात ओता, दोन-तीन दिवस राहू द्या, मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवा. किकवर उभं राहू नका, किकच्या सेगमेंटचे दाते जातात. या गाडीत किक आणि गिअरचा लिव्हर एकच आहे, त्यामुळे तिथलं नुकसान महागात पडतं. गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, लोखंडाचे कण लागले तर गिअरचे दाते झडलेत.

दोन-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना क्रँककेस पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढते, खाली येताना तेच दाबून वर पाठवते. म्हणून ती हवाबंद हवी, आणि ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सील. गाडी दहा वर्षं उभी राहिली की सीलचं रबर कडक होऊन चिरतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं: पांढरट धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, आणि असंच चालवत राहिलात तर पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकून बसतो. पुष्कळ मेकॅनिक कार्ब्युरेटरच बदलत बसतात आणि रोग मात्र सीलमध्ये असतो. इंजिन उघडलं की दोन्ही सील आणि क्रँकची बेअरिंग एकदमच बदला.

कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा: खालच्या टोकाला वर-खाली जराही खेळ नको, बाजूला थोडा असतोच. नवी रॉड-पिन बसवल्यावर क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने मोजून घ्या, ०.०३ मिलिमीटरच्या आत डुलणं हवं. नुसतं हातोडी मारून 'सेंटर केलं' म्हणणाऱ्याकडे क्रँक देऊ नका. सिलेंडर झिजला की तो कातून मोठा करतात, त्यात बोअर दर वेळी ०.२५ मिलिमीटरने वाढतो: ६५.२५, ६५.५०, असं पुढे. आधी पिस्टन विकत घ्या, तो लेथवाल्याला द्या आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. उलटं केलं की पिस्टन आणि बोअरमधला गॅप चुकतो. बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्या) धारा हलक्या घासून मारल्याच पाहिजेत, नाहीतर पिस्टनची रिंग पोर्टच्या कडेला अडकून तुटते आणि नवा बोअर पहिल्याच दिवशी जातो. हे काम लेथवाले विसरतात, समोर उभं राहून करून घ्या. रिंग बोअरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजा, साधारण पाव मिलिमीटर हवा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, पिस्टनची पिन अडवणारी सर्क्लिप नवीच.

वायरिंगबद्दल. जुन्या मॉडेलना ६ व्होल्ट, ४५ वॅटचा डायनॅमो आहे आणि इग्निशन बॅटरीवर चालतं. बॅटरी मेली की स्पार्क नाही. ६ व्होल्टला करंट जास्त वाहतो, म्हणून वायर जाड हवी आणि अर्थ (चेसिसला दिलेली विजेची जोडणी) स्वच्छ हवा. चेसिसला पावडर कोटिंग केल्यावर लाइट मंद होण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं: कोटिंगमुळे अर्थ तुटतो. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करा. इग्निशनच्या कॉन्टॅक्ट पॉइंटमधला गॅप ०.४ मिलिमीटर. १२ व्होल्टचं किट बसवायचं असेल तर बसवा, पण मूळ डायनॅमो आणि रेग्युलेटर विकू नका, डब्यात ठेवा.

रंग मात्र घाईने देऊ नका. आधी गाडी गंजक्या, बिनरंगाच्या अवस्थेतच पूर्ण जोडा, सगळे बोल्ट बसवा, इंजिन चालू करून दोनशेएक किलोमीटर फिरवा. मडगार्ड चाकाला घासतंय, ब्रॅकेट कमी पडतंय, ऑइल गळतंय, हे सगळं तेव्हाच कळतं. मग उघडून रंगाला द्या. उलट क्रमाने केलं तर नव्या रंगावर वेल्डिंगची ठिणगी पडते. क्रोमवाल्याला तांबं, निकेल आणि मग क्रोम असे तिन्ही थर सांगा, आणि बफिंग जपून करायला सांगा, पत्र्यावरच्या उठावाच्या रेषा त्यात पुसल्या जातात. सायलेन्सर क्रोमला देण्याआधी आतला तेलकट काजळीचा थर काढा, नाहीतर देखण्या गाडीला पिकअपच नसतो.

टाकी आतून गंजलेली असेल तर मूठभर नट आणि व्हिनेगर घालून हलवा, रात्रभर ठेवा, सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि लगेच ऑइल फिरवा. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी ओढून घेण्याचा गुण आहे. पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, पेट्रोलचा जुना रबरी पाइप बदला. याच पेट्रोलने मिश्रण थोडं पातळ होतं. प्लग पांढरा पडत असेल तर कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक माप मोठा टाका.

नव्या बोअरवर पहिले ५०० किलोमीटर लिटरला ४५ ते ५० मिलिलिटर टू-टी (दोन-स्ट्रोकचं) ऑइल घाला, त्यानंतर ३५ ते ४० पुरतं. पेट्रोल आणि ऑइल बाटलीत मिसळून मगच टाकीत ओता. सुरुवातीला एकाच वेगाने लांब चालवू नका, चढावर वरच्या गिअरमध्ये दाबू नका, आणि उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये लोटू नका, कारण ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल बंद, तर ऑइल बंद. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट तिरपे-समोरासमोर असे पुन्हा कसा. सायलेन्सरचे रिंग नटही त्याच वेळी बघा, ते सैल होतात आणि चालत्या गाडीत आटे खराब करून ठेवतात.