कोरी भिंत आणि जुना डोळा

गेल्या रविवारी धरमपेठेतल्या एका घरी नव्या बंगल्याच्या दर्शनी बाजूचे स्केच दाखवायला गेले होते, आणि ते स्केच आता माझे राहिलेले नाही.

ते चांगले उतरले होते, हे मीच सांगणे शोभत नाही. पण दुसरे कोणी सांगितले नाही म्हणून सांगावे लागते. दोन राखाडी मार्कर, एक नारिंगी, मागच्या झाडांपुरता फिकट निळा आणि बाकी कागदाचा पांढरा, एवढ्यावर घर उभे होते. व्हरांड्यातल्या सावलीला एकाच राखाडीचे तीन हात दिले होते, तेही प्रत्येक हात वाळू देऊन, कारण घाई केली की शाई रेषेबाहेर फुटते. काळ्याला हातही लावला नव्हता. काळ्याने सावली पडत नाही, भोक पडते. दार तेवढे नारिंगी होते आणि त्याची पुसट झाक खालच्या फरशीवर होती. नजर आधी दारावर जावी, एवढाच हेतू.

यजमानांच्या सासऱ्यांनी कागद हाती घेतला, उलटा करून त्याची पाठही पाहिली आणि अत्यंत सहानुभूतीने विचारले, "ताई, रंग संपले होते काय जी?"

"संपले नव्हते, मुद्दाम कमी वापरले आहेत."

"मग ही भिंत कोरी काहून?"

"तिथे ऊन पडले आहे."

"ऊन तर पिवळं असते."

दुपारचे दोन वाजले होते. नागपुरातले मे महिन्याचे ऊन भिंतीवरचा असेल तो रंग खाऊन टाकते, तेव्हा बाहेर पाहूनच ठरवावे, असे मी सुचवले. निवृत्त मुख्याध्यापकच ते, पुरावा तपासायला लगेच उठले आणि पडदा सारून समोरच्या गच्चीकडे पाहू लागले. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया महिन्यापूर्वी झाली होती, डावा अजून व्हायचा होता. त्यांनी डावा डोळा झाकला. "ह्या डोळ्यानं पांढरं दिसते." मग उजवा झाकला. "ह्यानं पिवळं." असे तीनदा झाले. मोतीबिंदूचे भिंग पिवळट पडलेले असते आणि नवे भिंग बसले की पांढरे पुन्हा पांढरे दिसते, हे मी आनंदाने समजावून सांगितले आणि खटला जिंकल्यासारखी मागे रेलून बसले.

"मग पिवळंच द्या," ते म्हणाले. "हा डोळा माह्या जन्मापासून आहे. तो दुसरा मागच्या महिन्यात आला."

मी फ्रान्समधून कुमक मागवली. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाचे काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळे धागे कमजोर असल्याची तक्रार आली. तपासले तर रंग पक्का होता, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो फिका भासत होता. आणि शेजार बदलला की रंगच बदलून दिसतो, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, असे सगळे मी एका दमात सांगितले.

"म्हणजे काळा फिका दिसत होता ना? मग तक्रार करणाऱ्याचं काय चुकलं?"

याचे उत्तर मला अजूनही सुचलेले नाही.

मी चहाचा कप ठेवायला आत गेले तेवढ्यात नातवाची बारा स्केचपेनांची पेटी उघडली गेली. परत आले तेव्हा भिंत पिवळी, हिरवळ पोपटी आणि आकाश निळे झाले होते. दोन त्रिकोणी डोंगरांमधून सूर्य उगवत होता. धरमपेठेजवळ सेमिनरी हिल्स आहे, पण ती इतकी टोकदार नाही. सगळेच रंग एकदम ओरडू लागल्यावर माझ्या दाराचे ऐकणार कोण?

आजोबांचा मला फारसा राग नाही. राग आहे तो संगणकावरच्या त्या चकचकीत चित्रांचा, ज्यांत नागपूरच्या घरामागे बर्फाळ मुलखातली झाडे उभी असतात आणि ज्यांना सरावलेल्या यजमानांना कोरी जागा म्हणजे कामचुकारपणा वाटतो. रंग कुठे भरायचा नाही हे ठरवण्यात माझी अख्खी रात्र गेली होती, आणि त्या रात्रीचे पैसे कोणत्याही बिलात बसत नाहीत.

यजमान मात्र खूश होते. स्केचची चौकट करून दिवाणखान्यात लावणार, तेव्हा खाली सही हवी, असे त्यांनी सांगितले. मी निमूटपणे राखाडी मार्कर काढला.

"सही तरी रंगीत करा जी," आजोबांनी गुलाबी स्केचपेन पुढे केले.

मी केली.